शिसं आता कानातून येत नाही

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. मधली प्रश्नोत्तरं काढली आहेत.)

मित्रहो, आणि मागं उभ्या असलेल्या आयाबहिणींनो, तुम्ही आधी पुढं येऊन बसा. आज जे बोलायचंय ते तुमच्या डोक्यावर फुटणाऱ्या खापराबद्दल आहे. पोरं उठतील. त्यांना नाक्यावर उभं राहायची सवय आहे.

मला विषय दिला होता 'आरोग्य आणि दलित तरुण'. असल्या विषयावर माणूस दोन तास काहीही बोलू शकतो. म्हणून तो बाजूला ठेवला. आपल्या वस्तीत काही पोरं उशिरा बसतात, उशिरा चालतात, बोलतच नाहीत, फिट येऊन पडतात, दुसरीतून पुढं सरकत नाहीत. त्यांना आपण 'येडं' म्हणून हाक मारतो. त्यांच्या मेंदूला काय झालं आणि कुणी केलं, एवढ्यावरच बोलतो.

सुरुवात जुन्या पोथीपासून. शूद्रानं वेद ऐकला तर त्याच्या कानात काय ओतावं हे गौतम धर्मसूत्रात लिहिलंय. आपण सभांतून 'उकळतं शिसं' म्हणतो. संस्कृतवाले सांगतात, मूळ शब्द 'त्रपु' आणि 'जतु', म्हणजे कथील आणि लाख. ठीक आहे, दुरुस्ती मान्य. कथलानं कान कमी भाजतो असं काही नाही. पण मी लॅबमध्ये काम करणारा माणूस, दिवसभर रक्ताच्या नळ्या हाताळतो, आणि मला शिशाशीच कर्तव्य आहे. कारण शिसं आपल्या पोरांच्या अंगात आजही जातंय. तोंडातून जातंय, नाकातून जातंय, आईच्या नाळेतून जातंय. त्यासाठी वेद ऐकायचीही गरज नाही.

माझ्या ताईच्या पोराची गोष्ट सांगतो. तिला विचारून सांगतोय.

पोरगा दीड वर्षाचा होईस्तोवर बरा होता. 'आई' म्हणायचा, 'पानी' म्हणायचा. मग शब्द वाढेनात. पोट धरून रडायचा. माती खायचा, भिंतीचे पोपडे खायचा. तिसरं लागलं तरी जोडून दोन शब्द नाहीत. शेजारीण म्हणाली, पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली असणार हिनं. सासू म्हणाली, हिच्या माहेरच्या रक्तातच आहे, हिचा चुलता बघा. (तो माझाही चुलता. तो दारू प्यायचा, त्यापलीकडं त्याच्या डोक्यात काही बिघाड नव्हता.) मग एका मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं केसपेपरवरचं आडनाव वाचलं आणि पोराकडं न बघताच म्हणाला, "तुमच्या लोकांत असं असतंच." एक शेजारीण, एक सासू, एक एम.डी. तिघांचं निदान एकच. दोष रक्तात, आणि रक्त आईचं.

दाजी तेव्हा जुन्या बॅटऱ्या फोडायच्या कामावर होते. ट्रकच्या, रिक्षाच्या, इन्व्हर्टरच्या. ॲसिड गटारात, डबा एका ढिगात, आतल्या प्लेटा भट्टीत. संध्याकाळी त्याच कपड्यांनी घरी यायचे आणि पोराला मांडीवर घ्यायचे. बाप घेणारच. मी लॅबमध्ये असून मला दोन वर्षं हे सुचलं नाही, याची लाज मला आजही आहे. आमच्या लॅबमध्ये ती तपासणीच नव्हती. बाहेर पाठवली, पैसे भरले. रिपोर्ट आला: एका डेसिलीटर रक्तात ३८ मायक्रोग्रॅम शिसं.

म्हणजे पोराच्या रक्तात दोष आहे हे खरंच निघालं. फक्त तो माहेरचा नव्हता.

आता ३८ म्हणजे किती? अमेरिकेत १९६० च्या दशकात पोरांच्या रक्तात ६० पर्यंत 'चालतं' म्हणायचे. १९९१ साली रेघ १० वर आणली, २०१२ साली ५ वर, २०२१ साली साडेतीनवर. पोरांचं रक्त तेच होतं. डॉक्टरांचं ज्ञान वाढलं तशी रेघ खाली आली. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते, शिशाची निर्धोक म्हणता येईल अशी पातळीच माहीत नाही.

शिसं करतं काय? ते कॅल्शियमचं सोंग घेतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात ते कॅल्शियमच्या भरवशावर. लहानपणी त्या पेशींच्या जोडण्या बांधल्या जात असतात. कुठली जोडणी ठेवायची, कुठली मोडायची हे ठरत असतं. तिथं हा तोतया घुसतो आणि चुकीचे निरोप देतो. पोर मरत नाही. बहुतेक वेळा आजारीसुद्धा दिसत नाही. फक्त लक्ष लागत नाही, शब्द सापडत नाही, राग आवरत नाही. मग मास्तर म्हणतो, या वस्तीतली पोरं अशीच.

आणि हे विष जातीयवादी आहे, हे मी भाषणाची फोडणी म्हणून म्हणत नाही. मोठ्या माणसाचं आतडं खाल्लेल्या शिशातलं दहावा हिस्सा घेतं, लहान पोराचं आतडं निम्म्याच्या आसपास घेतं. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त घेतं. म्हणजे उपाशी पोर शिसं जास्त खेचतं. दूध-अंडी खाणारं आणि ताकाला महाग असलेलं, अशी दोन पोरं एकाच धुळीत बसवली तरी विषाची वाटणी सारखी होत नाही. त्यात पहिलं पोर त्या धुळीत बसतंय कशाला?

आणखी एक सांगतो. शिसं हाडात जाऊन बसतं आणि तिथं वर्षानुवर्षं राहतं. बाई पोटुशी राहिली की बाळासाठी तिच्या हाडातलं कॅल्शियम सुटतं, त्याच्याबरोबर हे शिसंही सुटतं आणि नाळेतून बाळाकडं जातं. दहा वर्षांची असताना भंगारात बसलेली पोरगी पंचविसाव्या वर्षी आपल्या बाळाला ते देते. याला वारसा म्हणायचं की परिस्थिती? पुस्तकात हे दोन वेगळे धडे असतात. आपल्या बायांच्या हाडांत तो एकच धडा आहे.

कुठून येतं ते पटकन सांगतो. बॅटरीच्या भट्ट्या सगळ्यात वाईट. जुना तेलरंग: आपल्याकडं घरच्या रंगात दहा लाख भागांना ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको असा नियम २०१६ साली निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचे दरवाजे आणि खिडक्या अजून आपल्या चाळींत आहेतच. सुरमा. हळदीला पिवळेपणा यावा म्हणून घातलेलं लेड क्रोमेट. स्वस्तातली कल्हई. आणि शेंदूर. दगडाला शेंदूर फासला की देव होतो, हे आपल्या आज्यापणज्यांना शिकवलं. तो अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साईड आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तो नसावा. पण असतो, मी बघितलाय.

पेट्रोलमधलं शिसं आपल्या देशात २००० साली बंद झालं. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ साली. ते बंद झाल्यावर पोरांच्या रक्तातलं शिसं जिथं जिथं मोजलं तिथं खाली आलं. म्हणजे सरकारनं ठरवलं तर होतं. तरी २०२० साली युनिसेफनं अंदाज काढला की जगात सुमारे ८० कोटी पोरांच्या रक्तात ५ च्या वर शिसं आहे. त्यातली २७ कोटींहून जास्त भारतात. म्हणजे जवळजवळ प्रत्येक तिसरं पोर या देशातलं.

आता मी तुम्हाला थोडं न्यूयॉर्कला नेतो. आपण तिकडून एक नाव उचललंय, म्हणून नेतो.

१९६९ साल. ईस्ट हार्लेममध्ये पोर्तो रिकोच्या गरीब लोकांची वस्ती. घरमालक भिंती दुरुस्त करत नव्हते, जुन्या रंगाचे पोपडे गळायचे, पोरं खायची. शहरानं घरातला शिशाचा रंग १९६० सालीच बंद केला होता, पण जुन्या भिंती तशाच. शिशाच्या धंदेवाल्यांचं म्हणणं काय, तर दोष झोपडपट्टीतल्या अडाणी आईबापांचा, ते पोरांकडं लक्ष देत नाहीत. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपल्या सासूचं इंग्रजी भाषांतर. तिथं यंग लॉर्ड्स नावाची तरुणांची संघटना होती, ब्लॅक पँथर्सच्या सोबतची. आरोग्य खात्याकडं तपासणीचे संच पडून होते. ही पोरं खात्याच्या ऑफिसात ठाण मांडून बसली, संच घेतले आणि दारोदार जाऊन पोरांची लघवी तपासली. पुष्कळ पोरांत शिसं सापडलं. पेपरात बोंब झाली. १९७० साली शहराला त्यासाठी वेगळं खातं काढावं लागलं. १९७१ साली देशाचा कायदा आला. १९७८ साली घरच्या रंगातलं शिसं अख्ख्या अमेरिकेत बंद. १९७९ साली हर्बर्ट नीडलमन नावाच्या डॉक्टरनं बोस्टनजवळच्या शाळेतल्या पोरांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून मोजले. ज्यांच्या दातांत शिसं जास्त त्यांची बुद्धी-चाचणी कमी आणि वर्गातलं लक्षही कमी. पुढं धंदेवाल्यांच्या बाजूच्या लोकांनी त्याच्यावर खोटेपणाचे आरोप केले, चौकश्या लावल्या. तो सुटला.

आणि त्याच १९६९ साली, त्याच देशात, आर्थर जेन्सन नावाच्या प्राध्यापकानं हार्वर्डच्या मासिकात लांबलचक लेख लिहून सांगितलं की काळ्या पोरांची बुद्धी-चाचणी कमी येते त्यात वंशाचा हात असणार, शाळेवर पैसा घालून फार उपयोग नाही. एक माणूस कागदावर रक्त मोजत होता आणि काही पोरं जिन्यावर चढून खरोखरची तपासणी करत होती.

जेन्सनला १९७० साली रिचर्ड लुवॉन्टिन या शास्त्रज्ञानं दिलेलं उत्तर मला आवडतं, आपल्या ज्वारीत सांगतो. एकाच पोत्यातलं बियाणं घ्या. मूठभर काळ्या कसदार रानात टाका, मूठभर मुरमाड माळावर. काळ्या रानात सगळ्यांना पाणी-खत सारखं. तिथं एक ताट उंच, एक बुटकं, तर तो फरक बियाण्याचा. माळावरही तसंच. पण रान आणि माळ यांच्यातला फरक? तो मातीचा. माळावरच्या ताटाला 'तुझं बियाणंच हलकं' म्हणणारा माणूस एक तर शेतकरी नसतो, नाहीतर रानाचा मालक असतो. १९९० साली मंडलच्या विरोधात रस्त्यावर बूट पॉलिश करून दाखवणारी पोरं मेरिटबद्दल हेच बोलत होती.

बाबासाहेबांनी हे १९३६ सालीच मांडून ठेवलंय, 'जातिसंहारा'त. माणसाची ताकद तीन गोष्टींवर उभी असते, असं ते म्हणतात. शरीरानं मिळालेला वारसा, समाजाकडून मिळालेला वारसा, म्हणजे आईबापांचं संगोपन, शिक्षण, साठवलेलं ज्ञान, आणि तिसरा स्वतःचा प्रयत्न. पहिल्या दोघांत विषमता ठेवून शर्यत लावली तर निवड लायक माणसाची होत नाही, ज्याला आधीच सवलत मिळाली त्याची होते. हे पुस्तक आपण डोक्यावर घेऊन नाचतो. हे पान कितीजणांनी वाचलंय ते हात वर करून सांगू नका, मला कळतंय.

आता कुणी म्हणेल, म्हणजे जनुकं वगैरे सगळं झूट? नाही दोस्त. तसं म्हटलं तर मी लॅबमधला माणूस नाही, नुसता भाषणबाज ठरेन.

जनुकांचा हिस्सा आहे. डाउन सिंड्रोममध्ये पेशीत एकविसाव्या क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं. हे १९५९ साली पॅरिसमध्ये सापडलं. नाव ल्यजनचं झालं, पेशी वाढवायचं काम मार्थ गोतिए या बाईचं होतं. बाईचं श्रेय कसं जातं हे तुम्हाला सांगायला नको. तर ही चूक बहुतेक वेळा पेशी तयार होतानाच होते, ती घराण्यातून येत नाही. राजवाड्यातही होते, झोपडीतही होते. आईचं वय वाढलं की शक्यता वाढते. आत्ममग्नता, म्हणजे ऑटिझम, त्यात जनुकांचा वाटा मोठा आहे. पण तो कळायच्या आधी पंचवीस-तीस वर्षं तिकडचे मोठमोठे डॉक्टर म्हणत होते की आई थंड आहे, प्रेम करत नाही, म्हणून पोर असं झालं. इकडं ग्रहण, तिकडं मानसशास्त्र. उभी केली आईच. लसीमुळं ऑटिझम होतो ही तर सरळ थाप. तो १९९८ सालचा निबंध मासिकानंच २०१० साली मागं घेतला. ही थाप आपल्या व्हॉट्सॲपवर अजून फिरते, म्हणून सांगतो. २०२२ साली गोवंडीत गोवराची साथ आली, पोरं मेली. गोवर मेंदूत गेला तर वाचलेलं पोरही कायमचं अधू होऊ शकतं. लस चुकवू नका.

आता गंमत बघा. नॉर्वेमध्ये १९३४ साली एका आईची दोन्ही पोरं मागं पडलेली. तिनं हट्ट धरला, कारण सांगा. शेवटी फ्यॉलिंग नावाच्या डॉक्टरनं पोरांची लघवी तपासली आणि फिनाइलकीटोन्युरिया हा रोग सापडला. आईबाप दोघांकडून बिघडलेलं एकेक जनुक आलं की होतो. प्रथिनातला एक घटक पचत नाही, तो रक्तात साठतो आणि मेंदू जाळतो. जनुकाचाच रोग, शंभर टक्के. पण जन्मल्याबरोबर टाचेतलं थेंबभर रक्त तपासून खाणं बदललं तर पोर चांगलं वाढतं. जनुक तेच राहतं. ज्याला आपण नशीब म्हणतो ते ताटात बदलता येतं.

थायरॉइडचं तर याहून स्वस्त. आपल्या देशात हजारातलं साधारण एक बाळ कमी चालणारी थायरॉइड घेऊन जन्मतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू केली तर मेंदू वाचतो. गोळी आहे काही रुपयांची. टाळली तर पोर आयुष्यभरासाठी मंद. तरी प्रत्येक बाळाची ही तपासणी देशभर अजून होत नाही. आणि थायरॉइडला लागतं आयोडीन. डोंगरातल्या मातीतून ते पावसानं धुऊन जातं. हिमालयाच्या पायथ्याला गावंच्या गावं गलगंडानं भरलेली, पोरं बहिरी, मुकी, मंद. लोक म्हणायचे, त्या लोकांचं रक्तच तसं. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात मिठातून आयोडीन देऊन बघितलं. काही वर्षांत गलगंड उतरला. रक्त बदललं नव्हतं, मीठ बदललं होतं. पुढं २००० साली, स्वदेशीच्या गप्पा मारणाऱ्यांच्या राज्यात, साध्या मिठावरची बंदी उठवली. २००६ साली परत आणली. मधल्या वर्षांत ज्यांच्या आयांनी ढेकळाचं स्वस्त मीठ खाल्लं त्या पोरांनी कुणाकडं दाद मागायची?

आणि जनुकांचं बोलायचंच तर जातीबद्दल बोलू. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात निबंध वाचला: जात म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, तेच तिचं मूळ. तेव्हा डीएनए माहीत नव्हता. २०१३ साली हैदराबाद आणि हार्वर्डच्या लोकांनी जनुकांतून हिशेब काढला की या देशात माणसं हजारो वर्षं एकमेकांत मिसळत होती आणि साधारण १९०० वर्षांपूर्वी मिसळणं थांबलं. कुणी थांबवलं ते पोथ्यांत आहे. २०१७ साली त्यांनीच दक्षिण आशियातल्या २६० हून जास्त गटांचं रक्त तपासलं. ८१ गटांत इतकी कोंडी सापडली की तशी युरोपातल्या फिन आणि ज्यू लोकांतही नाही. जातीत कोंडून घेतलं की एखाद्या पूर्वजाचं बिघडलेलं जनुक पुन्हा पुन्हा दोन्ही बाजूंनी येतं. अग्रवाल समाजात पोरांच्या मेंदूचा एक दुर्मिळ रोग असाच सापडतो. डोकं मोठं होतं, चाल बिघडते, फिट येतात. अख्ख्या समाजात तोच एक जनुकदोष.

हसू नका. मघाशी कुणीतरी हसलं, मी बघितलं. 'शुद्ध रक्ता'ची खोड मोडली म्हणून हसताय, पण त्या घरातही एक पोर आहे आणि एक आई आहे. आणि आपल्याकडं काय? साडेबारा पोटजाती आपल्यातही मोजायचे. मांगाच्या घरात महाराची पोरगी किती वेळा गेली? मामाच्या पोरीवर हक्क सांगणारे इथं बसलेत. कुठल्याही लग्नात शंभरातल्या दोन-तीन बाळांना जन्मतः मोठा दोष असतो, सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात तो साधारण दुप्पट होतो. नव्वदाहून जास्त बाळं तरीही ठणठणीत निघतात, तेव्हा झालेली लग्नं मोडायला जाऊ नका. पुढच्या पोरांची जमवताना मात्र जातीच्या बाहेर बघा. पुढाऱ्यांनी आंतरजातीय विवाहावर बोलावं आणि स्वतःच्या पोरीला पोटजातीतलं स्थळ बघावं, हे आता पुरे.

विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासींत सिकलसेल आहे. त्यात लहान पोरांना झटका येऊन मेंदूचा भाग मरू शकतो. तेही जनुक. पण ते टिकलं का, तर एकच प्रत असली की माणूस हिवतापाला तग धरतो. म्हणजे जनुकाच्या पोटातही डास आणि डबकं आहे. अमेरिकेत याच रोगासाठी ब्लॅक पँथर्सनी १९७१ साली लोकांच्या तपासण्या सुरू केल्या. त्यांच्या शाखांनी दवाखाने चालवले. १९७२ साली आपल्या लोकांनी त्यांचं नाव घेतलं. नाव घेतलं, आग घेतली, कविता तर त्यांच्याहून भारी लिहिली. दवाखाना राहिला. हे मी कुणाला हिणवायला म्हणत नाही, त्या काळात डोकी फुटत होती. पण आज आपली डोकी शाबूत आहेत.

'रक्तात दोष' म्हणणारे कुठवर जातात तेही ऐका. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात १९२४ साली एकाच वेळी दोन कायदे आले. एक, गोऱ्या-काळ्यांनी लग्न करायचं नाही. दोन, 'मंद' माणसांची नसबंदी. कॅरी बक नावाच्या गरीब गोऱ्या मुलीवर बलात्कार झाला होता, तिलाच मंद ठरवलं, तिच्या आईला ठरवलं, काही महिन्यांच्या तान्ह्या पोरीलाही ठरवलं. १९२७ साली सुप्रीम कोर्टानं नसबंदी मंजूर केली. ती तान्ही पोर पुढं शाळेत गेली तर हुशारांच्या यादीत आली. आणि आपल्याकडं १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता. बायकांच्या संघटनांनी रान उठवलं. आपण कुठं होतो, माहीत नाही.

आपण काय करतो ते माहीत आहे. आपण विरोधकाला 'मतिमंद' म्हणतो. पोस्टरवर लिहितो. मागच्या अंकातल्या एका कवितेत व्यवस्थेला 'गतिमंद पोर' म्हटलंय. कवी इथं बसलाय, मित्र आहे माझा. ज्या देशानं आपल्या जातीची नावं शिवी म्हणून वापरली, त्या देशात आपण ताईच्या पोराचं दुखणं शिवी म्हणून वापरायचं? ती ओळ कापून टाक गड्या.

आता कामाचं.

भाचा आज अकरा वर्षांचा आहे. रक्तातलं शिसं खाली आलं. ४५ च्या वर असतं तर औषध देऊन काढतात, खाली असेल तर घरातून शिसं हटवणं हाच उपाय. गेलेलं सगळं परत येत नाही. २००१ सालच्या मोठ्या चाचणीत औषधानं शिसं उतरलं, पण बुद्धी वाढलेली दिसली नाही. म्हणून आधी अडवायचं. दाजींनी काम सोडलं नाही, पोट आहे. पण आता कपडे तिथंच बदलतात, अंघोळ करून येतात. ताई झाडू मारत नाही, ओल्या फडक्यानं पुसते. नाचणी, पालेभाजी, जमेल तेव्हा अंडं. तो हार्बर लाइनच्या सगळ्या स्टेशनांची नावं क्रमानं सांगतो, दोन्ही बाजूंनी. बाकी बोलणं अजून अवघड आहे, पण शाळेत जातो.

आपण वही घेऊन दारोदार जायचं. विचारायचं काय? पोर कधी बसलं, कधी चाललं, किती शब्द बोलतं. बाळंतपण कुठं झालं, जन्मल्यावर रडलं का, कावीळ झाली का. कारण शिसं हे एकच कारण नाही. २०१८ साली गोव्यासकट पाच ठिकाणच्या सुमारे ४ हजार पोरांचा अभ्यास छापून आला. दोन ते नऊ वर्षांच्या दर आठ पोरांत साधारण एकाला मेंदूच्या वाढीची काहीतरी अडचण निघाली. घरचं बाळंतपण, जन्मताना गुदमरणं, कमी वजन, खुरटणं, मेंदूचे ताप, ही त्यामागं सापडलेली कारणं. यातलं एकही पत्रिकेत नसतं. लग्न झालेल्या पोरींना फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून लागते, कारण बाळाचा कणा पहिल्या महिन्यातच मिटतो. तेही सांगायचं. घरात कोण भंगारात, भट्टीत, रंगकामात आहे ते लिहायचं. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' काढली, त्यात आपल्याच बाया जास्त. संघटना कशी बांधतात ते त्यांच्याकडून शिकता येईल.

सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरातूनच सुरू झाला. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत डॉक्टर येऊन पोरं तपासायची, पुढं जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायची. येतात का ते बघायचं, नाही आले तर तालुक्याला जाऊन बसायचं. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत, दाखला मागायचा. निरामय विम्यात बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सीवाल्या पोरांना वर्षाला एक लाखापर्यंत उपचार आहेत. आपल्या वस्तीत किती पोरांना मिळतो? मला एकही माहीत नाही. आणि रक्तातल्या शिशाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट करा ही मागणी लेखी द्यायची, पोरांची यादी जोडून. नुसत्या घोषणेवर ते चहा पाजून परत पाठवतात. यादी दिली की उत्तर द्यावं लागतं.

येत्या रविवारी सकाळी आठला भट्टीच्या गल्लीपासून सुरुवात. दोन-दोनच्या जोड्या, प्रत्येक जोडीत एक बाई हवी, कारण दार आईच उघडते. घरात शिरल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं तेही ठरवलंय: "वहिनी, यात तुमची काही चूक नाही, आम्ही विचारायला आलोय." वही मी आणली आहे. पहिल्या पानावर भाच्याचं नाव लिहिलंय.

जयभीम.